व्हेनिस: टूरमधले ३ तास की स्वतःहून २ रात्री? अण्णांना पाण्यातलं गाव दाखवायचंय

गिरणाकाठचा_पोरगा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच विचारतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, ३१ वर्षं नोकरी, शेवटी कालवा निरीक्षक होते आणि त्यातली निम्मी वर्षं जामदा डाव्या कालव्यावर गेली. ऑफिसात कधीतरी एका बँकेचं कॅलेंडर आलं होतं त्यावर व्हेनिसचा फोटो, दोन्हीकडे घरं, मधून पाट आणि पाटात काळी होडी. वर्ष संपल्यावर ते पान अण्णांनी घरी आणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, ते अजून आहे, पार पिवळं पडलंय. लहानपणी मी विचारायचो हे कुठलं गाव, तर म्हणायचे, "असं गाव जिथं टेललाही पाणी पोचतं." टेल म्हणजे पाटाचं शेवटचं टोक, ज्यांचं वावर तिथं आहे त्यांना कळेल ते काय म्हणायचे.

तर आता माझ्याकडे थोडे पैसे साठलेत आणि येत्या मे महिन्यात आईअण्णांना युरोप दाखवायचं ठरलंय. एका टूरवाल्याकडे चौकशी केली, १२ दिवसात ६ देश, व्हेनिसला ३ तास आणि हॉटेल व्हेनिसपासून पाऊण तासावर. मी म्हटलं अहो आम्ही त्याच्यासाठीच चाललोय, तर म्हणे सर ३ तास भरपूर होतात, तिथं बघण्यासारखं एवढं नसतं.

दुसरा पर्याय म्हणजे फक्त इटली करायचं, रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिसला २ रात्री, सगळं आपलं आपण बुक करून. पण मी स्वतः कधी देशाबाहेर गेलेलो नाही. आईचे गुडघे दुखतात (६३ वय), पूल फार आहेत असं ऐकलंय. घरात अंडंसुद्धा चालत नाही. आणि कुणी म्हणतं उन्हाळ्यात वास मारतो. अण्णा ६९, ते चालतील, त्यांना थांबवणं अवघड. काय करू? कुणी घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन गेलंय का?

भुसावळ_यार्ड

भाऊ, अशाच टूरला आम्ही दोघं २०२३ च्या मे मध्ये गेलो होतो. कंपनीचं नाव नको, माणसं वाईट नव्हती, वेळापत्रक वाईट होतं. त्या ३ तासांचा हिशोबच देतो तुम्हाला.

बस गावात जातच नाही, रस्तेच नाहीत. ट्रोंकेत्तो नावाच्या बेटावर सगळ्या बशी लागतात, तिथून लाँचने सान मार्को या मुख्य चौकाच्या बाजूला नेतात. लाँचची वाट बघणं आणि जाणं मिळून पाऊण तास. मग काचेचं प्रात्यक्षिक, एक माणूस भट्टीतून लाल गोळा काढतो आणि चिमट्याने ओढून ओढून बघता बघता घोडा करतो, ते खरंच भारी आहे, पण नंतर दुकानात कोंडतात, तिथे पाऊण तास. मग टॉयलेटची लाइन, दीड युरो माणशी. राहिला तास सव्वा तास. त्यात ज्यांनी गोंडोल्याचे (तुमच्या फोटोतल्या त्या काळ्या होडीचे) जास्तीचे पैसे भरले होते ते गेले आणि आम्ही चौकात कबुतरं बघत बसलो. बायकोने सवयीने पिशवीतले दाणे काढले तर गाइड धावत आला, २००८ पासून बंदी आहे, दंड होतो.

गावी आल्यावर व्हेनिस पाहिलं म्हणून सांगतो सगळ्यांना. खरं म्हणजे व्हेनिसचं एसटी स्टँड पाहून आलो.

आणि गोंडोल्याचं ध्यानात ठेवा, रेट महानगरपालिकेने ठरवलेला असतो, अर्ध्या तासाचे ९० युरो, संध्याकाळी ७ नंतर ११०. हा रेट अख्ख्या होडीचा, माणशी नाही, ५ जण बसतात. आमच्या टूरमधल्यांकडून माणशी घेतले होते ते मला घरी आल्यावर कळलं.

धुळ्याची_सून

स्वतःहून जा, डोळे झाकून जा. मी सासूसासऱ्यांना घेऊन एप्रिल २०२४ ला गेले होते, सासूबाईंचे गुडघे तुमच्या आईंपेक्षा वाईट, तेव्हा अगदी तुमच्याच परिस्थितीतून गेलेय.

सगळ्यात आधी, झोपायचं गावातच. सगळे सांगतील मेस्त्रेला रहा, ते पुलापलीकडे जमिनीवरचं गाव आहे, हॉटेलं स्वस्त, ट्रेनने १०-१२ मिनिटं. पैसे वाचतात हे खरंय. पण व्हेनिसची खरी गंमत कधी, तर संध्याकाळी पाचसहा नंतर आणि सकाळी नऊच्या आधी. दिवसा जत्रा भरल्यासारखं असतं, सारंगखेड्याच्या यात्रेतली गर्दी परवडली, आणि मग टूरवाले निघून गेले की एकदम असं शांत होतं की लांबून कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली भांडी वाजलेली ऐकू येतात. गाड्याच नाहीत ना, स्कूटर नाही, हॉर्न नाही, सायकलसुद्धा नाही. सासरे म्हणाले एवढी शांतता तर आपल्या मळ्यातही नसते, तिथे मोटार तरी चालू असते. त्या बेटांवर आता ५० हजार माणसंसुद्धा कायमची राहत नाहीत, १९५० च्या सुमाराला पावणेदोन लाख होती, म्हणून रात्री कितीतरी खिडक्यांना उजेडच नसतो. ते बघून जरा पोटात तुटलं खरं सांगते.

गुडघ्यांचं. पूल चारशेच्या वर आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या, चढा आणि उतरा. पण युक्ती अशी की गाव पायाने न बघता बोटीने बघायचं. तिथली सिटी बस म्हणजे वापोरेत्तो. एका वेळचं तिकीट ९.५० युरो (७५ मिनिटं चालतं), म्हणजे आपल्या जिवावर येतं, पण २४ तासांचा पास २५ ला आणि ४८ तासांचा ३५ ला आहे, तोच घ्यायचा आणि मग दिवसभर उतरा चढा. पहिल्यांदा वापरायच्या आधी मशीनला टेकवायचा, बीप झालं पाहिजे. १ नंबरची बोट स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत अख्ख्या ग्रँड कॅनॉलमधून, म्हणजे तिथल्या मोठ्या कालव्यातून जाते, प्रत्येक स्टॉपला थांबते, पाऊण तास लागतो. आम्ही संध्याकाळी पुढच्या उघड्या सीटवर बसून गेलो, परत आलो, सासूबाई म्हणाल्या अजून एकदा, मग परत गेलो. त्यांना काहीच चालावं लागलं नाही आणि सगळे महाल बघून झाले.

हॉटेल बुक करताना नकाशावर दोनच गोष्टी बघा, बोटीचा स्टॉप किती लांब आणि मधे पूल किती. आम्ही कानारेज्जो भागात घेतलं होतं, स्टेशनपासून एकही पूल नाही असं शोधून. आणि लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा, जुन्या घरांत बरेचदा नसते. मोठ्या बॅगा नेऊच नका, मी नेली होती ती एकच चूक. त्या बॅगेला पायऱ्यांवरून उचलताना आमच्या ह्यांनी जे शब्द वापरले ते इथे लिहिता येत नाहीत.

गोंडोल्यात बसायची हौस असेल पण ९० युरो नको वाटत असतील तर त्रागेत्तो करा. म्हणजे मोठ्या कालव्यावर पूल फक्त ४ आहेत, मधे पलीकडे जायला गोंडोल्यासारखीच मोठी होडी असते, २ युरो, दोन मिनिटांत पल्याड. रिआल्तोच्या भाजी बाजाराजवळ सांता सोफिया म्हणून धक्का आहे तिथून. तिथले लोक उभ्यानेच जातात, सासूबाईंना नावाड्याने हात धरून बसवलं. तापीला पूल नव्हता तेव्हा माहेरी अशाच जायचे म्हणाल्या.

प्रवेश फी: एका दिवसासाठी येणाऱ्यांना ५ युरो, ते आम्ही होतो त्याच आठवड्यात सुरू झालं, २५ एप्रिल २०२४. २०२५ ला उशिरा बुक करणाऱ्यांना १० केले. सगळे दिवस नसते, एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक तारखांना आणि सकाळी साडेआठ ते दुपारी ४. रात्री मुक्काम असेल तर फी नाही, पण तिथल्या महानगरपालिकेच्या वेबसाइटवर जाऊन सूट घेतल्याचा क्यूआर कोड काढून ठेवावा लागतो. जायच्या आधी त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या.

जेवणाचं वेगळं लिहिते, कुकर लावलाय.

साक्रीवाला_दाजी

भो, मी जाई उनू. तठे पानीच पानी शे, पन पेवाले एक थेंब कामना नही, सगळं खारं. अण्णासले सांगा, आपली पांझरा बरी!

धुळ्याची_सून

😄 दाजी, प्यायचं पाणी तिथे चौकाचौकात नळाला फुकट आहे, बाटली भरून घ्यायची, आम्ही तेच प्यायलो.

हां तर जेवण. व्हेनिस म्हणजे मासे, त्यामुळे दिसतं त्यावर जाऊ नका. बारमध्ये पावाच्या तुकड्यांवर काय काय लावून ठेवलेलं असतं, त्याला चिकेत्ती म्हणतात. त्यात एक पांढरं लोण्यासारखं असतं, आमच्या ह्यांनी लोणी समजून खाल्लं, ते निघालं वाळवलेल्या कॉड माशाचं. बाक्काला त्याचं नाव, पाठ करून ठेवा. दुसरं बिगोली इन साल्सा, नाव ऐकून वाटतं टोमॅटोचा रस्सा, पण कांद्यात अँचोवी मासा विरघळवलेला असतो, दिसत पण नाही. चालणारं म्हणजे पिझ्झा मारिनारा (नाव मासेवाल्यासारखं असलं तरी त्यात नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो), पिझ्झा मार्गेरिता, पास्ता अल पोमोदोरो. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा" म्हणजे मांस, मासा, अंडं नको, हे कागदावर लिहून दाखवायचं. अंड्याचं मुद्दाम विचारा, ताज्या पास्त्यात बरेचदा असतं, कोरड्या पास्त्यात बहुधा नसतं. काटेकोर पाळत असाल तर पार्मेजानो चीजसुद्धा नको, त्यात दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी एकदोन युरो लावतात, ती फसवणूक नाही, बसायचे पैसे आहेत. सान मार्कोच्या चौकात जिथे वाजंत्री चालू असते तिथे कॉफीला बसू नका, गाण्याचे पण पैसे वेगळे लावतात. तिथलं फ्लोरियान १७२० पासून चालू आहे, बाहेरून बघा आणि पुढे चला 😄

घरून लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, खाकरे न्या. दुधाचं काही नेऊ नका, तूप पेढे सगळं काढून घेऊ शकतात, बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे.

अमळनेरचे_नाना

चिरंजीव, तुमच्या वडिलांना माझा रामराम सांगा, मीही त्याच खात्यातला, धुळ्याला होतो. मुलगा मिलानला असतो त्याच्याकडे राहून आलो, तिथून व्हेनिस ट्रेनने अडीच तास, दोनदा जाऊन आलो, दुसऱ्या वेळी एकटा. बायको म्हणाली तुम्ही आणि तुमचं पाणी.

अण्णांना आधीच एक सांगून ठेवा नाहीतर तिथे जाऊन हिरमोड होईल, किंवा माझ्यासारखी मजा येईल. ते पाट नाहीतच. आपला कालवा म्हणजे काय, हेडपासून टेलपर्यंत उतार काढलेला, पाणी एका दिशेने जाणार. व्हेनिसला उतारच नाही. ती खाजण आहे, समुद्राच्या आतलं उथळ पाणी, त्यातली शंभरावर बेटं आणि बेटांमधल्या ज्या नैसर्गिक फटी होत्या त्याच त्यांच्या गल्ल्या झाल्या. काही खोदल्या, सरळ केल्या, पण मोठा कालवा जो इंग्रजी एससारखा वळतो ना, पावणेचार किलोमीटरचा, त्याचं वळण बघूनच कळतं की हे कुणा इंजिनिअरने आखलेलं नाही. आणि पाणी साधारण सहा सहा तासांनी दिशा बदलतं, भरतीला आत, ओहोटीला बाहेर. मी एका छोट्या पुलावर केळीची साल टाकून (कुणी बघत नाही असं पाहून) बसलो, ती निघाली पूर्वेला आणि जेवून आलो तर दुसरी निघाली पश्चिमेला. ३४ वर्षांच्या नोकरीत असं पाणी पाहिलं नव्हतं. वासाचं उत्तरही त्यातच आहे, दिवसातून दोनदा गाव धुतलं जातं, फक्त उन्हाळ्यात ओहोटीला अगदी बारीक गल्ल्यांत गाळ उघडा पडला की जरा येतो. मे मध्ये मला तरी काही जाणवला नाही.

आता दाजी म्हणाले ते खारं पाणी. १८८४ पर्यंत तिथे नळ नव्हता, तोवर लाखावर माणसं प्यायची काय? पावसाचं पाणी. कुठल्याही चौकात जा, मधोमध दगडी नक्षीची विहिरीची तोंडं दिसतील, लोखंडी झाकण घातलेली. ती विहीर नव्हेच. खाली काही मीटर खोल मोठा खड्डा, त्याला सगळीकडून चिकणमातीचं अस्तर म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत येणार नाही, आत वाळू भरलेली आणि मधोमध विटांचा उभा नळा. चौकाच्या फरशीला अगदी हलका उतार, पाऊस पडला की चार कोपऱ्यांतल्या भोकांच्या दगडांतून पाणी खाली जातं, वाळूतून गाळत गाळत मधल्या नळ्यात येतं, तिथून पोहऱ्याने काढायचं. अशा सहा हजारांवर होत्या, त्यातल्या सहाशेच्या आसपास अजून दिसतात. आणि कुलूप असायचं, दिवसातून दोनदा घंटा वाजवून उघडायचे. आपल्या पांझरेवरच्या फडात (बंधाऱ्यावरच्या सामायिक बागायतीत) पाटकऱ्याने पाळी सोडावी तसं. चारी बाजूंनी पाणी आणि पाण्याचीच पाळी! लोक त्या तोंडांवर बसून आइस्क्रीम खातात, कुणी खाली बघत नाही. अण्णा बघतील.

गाळ हा आपला जीवनमरणाचा प्रश्न, त्यांचाही होता. ब्रेंता, पियावे, सिले ह्या नद्या गाळ आणून खाजण भरून टाकत होत्या, आणि खाजण भरलं की बंदर मेलं आणि संरक्षणही गेलं, म्हणून त्यांनी कित्येक पिढ्या राबून ह्या नद्यांची तोंडंच वळवली, खाजणाच्या बाहेरून नेऊन समुद्रात सोडली. १५०१ साली पाण्याचं वेगळं खातंच काढलं. आपण नदी अडवतो, ह्यांनी नदीला हुसकावलं.

आणि घरं कशावर उभी? लाकडावर. चिखलात हजारो खुंट ठोकलेत एकमेकांना चिकटून, ओक, लार्च वगैरे, त्यावर फळ्या, त्यावर समोरच्या किनाऱ्यावरच्या इस्त्रिया प्रदेशातला दगड जो फारसं पाणी शोषत नाही आणि मग वीट. चिखलात हवा पोचत नाही म्हणून लाकूड लवकर कुजत नाही, ओलं सुकं ओलं सुकं झालं असतं तर कधीच गेलं असतं, आपल्या विहिरीतले जुने सागवानी लाकूड आठवा. मोठ्या कालव्याच्या तोंडाशी सालुते म्हणून पांढऱ्या घुमटाचं चर्च आहे, १६३० च्या प्लेगनंतर नवस फेडायला बांधलं, त्याच्या एकट्याच्या खाली दहा लाखांवर खुंट आहेत असं सांगतात. कंत्राटदाराचं बिल कुणी तपासलं असेल देव जाणे.

बोटीत अण्णांना उजवीकडे बसवा, स्टेशनहून निघताना. का ते त्यांनाच कळू द्या.

भुसावळ_यार्ड

नाना 🙏 आम्ही तासभर तिथेच चौकाजवळ अशाच एका विहिरीला टेकून होतो हो. कुणी सांगितलंच नाही.

चोपडा_टू_ब्रसेल्स

सगळे व्हेनिस व्हेनिस करतायत म्हणून जरा वेगळं सांगतो. मी बेल्जियममध्ये ४ वर्षं आहे. पाण्याचं जुनं गाव बघायचं तर ब्रूज बघा, ब्रसेल्सहून ट्रेनने एक तास, गाव लहान, जवळजवळ सपाट, गुडघेवाल्यांना बरं, अर्ध्या तासाची बोट फेरी असते, खर्च व्हेनिसपेक्षा कमी. आणि नाना, तुमच्या गाळाची गोष्ट तिथेच खरी आहे. ब्रूज एकेकाळी उत्तर युरोपातलं मोठं व्यापारी शहर होतं, त्याला समुद्राशी जोडणारी झ्विन नावाची खाडी होती ती गाळाने भरत गेली, पंधराव्या शतकानंतर जहाजं यायची थांबली, व्यापार अँटवर्पला गेला आणि गाव गरीब झालं. इतकं गरीब की नवीन बांधायला पैसेच नव्हते, म्हणून जुनं तसंच राहिलं, आज तेच बघायला जग येतं. ३६६ पायऱ्यांचा मनोरा आहे पण तो आईंना नको.

अ‍ॅमस्टरडॅमपण आहे, तिथले कालवे मात्र खरोखर आखून खोदलेले, सतराव्या शतकातले, अर्धगोलात एकामागे एक. अण्णांना आखणी बघायची असेल तर ते.

धुळ्याची_सून

दादा ब्रूज छानच असणार पण कपाटाच्या दारावर व्हेनिसचा फोटो आहे ना. लग्नाला बोलावलंय एकीच्या आणि तुम्ही दुसरीचं स्थळ सुचवताय.

चोपडा_टू_ब्रसेल्स

😂 मान्य. मग व्हिसा इटलीचाच काढा, जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. फी ९० युरो, ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मे साठी जायचं तर आत्ताच अपॉइंटमेंट बघा, सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, उन्हाळ्याच्या आधी तारखा मिळत नाहीत. अण्णांच्या पेन्शनची स्लिप आणि पासबुक बरोबर ठेवा. ट्रेन रोम ते व्हेनिस साधारण ४ तास, फ्लोरेन्सहून दोनच्या वर. फास्ट ट्रेनचं तिकीट लवकर काढलं तर निम्म्यात येतं. उतरायचं सांता लुचिया स्टेशनला, मेस्त्रेला नाही, लोक घाईत चुकतात.

गिरणाकाठचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. टूरवाल्याला नाही सांगून टाकलं. रोम ३, फ्लोरेन्स २, व्हेनिस ३ रात्री (२ च्या ३ झाल्या, आईनेच वाढवली, त्रागेत्तोचं वाचून दाखवलं तेव्हापासून ती माझ्याही पुढे आहे). कानारेज्जोत एक जागा मिळतेय, स्टॉपपासून दोन मिनिटं, मधे पूल नाही, लिफ्ट आहे असं म्हणतात, उद्या फोन करून खात्री करतो.

नाना, तुमचं लिहिलेलं अण्णांना रात्री वाचून दाखवलं. पाट नाही म्हटल्यावर चेहरा जरा पडला होता. मग पाणी दिशा बदलतं तिथे मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग विहिरीचं. मग उठून आतून वही आणली, जुनी नोकरीतली डायरी आहे, तिच्या मागच्या पानावर त्या विहिरीची आकृती काढत बसले, चिकणमाती कुठे, वाळू कुठे. मला म्हणाले वाळूचा थर खाली जाड की वर, विचार नानांना. आणि दुसरं, पुराच्या वेळी काय करतात, गेट आहे का. टीव्हीवर बघितलं होतं चौकात गुडघाभर पाणी.

अमळनेरचे_नाना

गेट आहे, आणि काय गेट आहे! मोझे म्हणतात. समुद्रातून खाजणात यायला तीन वाटा आहेत, लीदो, मालामोक्को, किओज्जा, त्या तिन्ही मिळून ७८ पिवळी दारं तळाशी आडवी झोपवलेली. एरवी त्यांच्या पोटात पाणी भरलेलं. ११० सेंटिमीटरच्या वर भरती येणार असा अंदाज आला की आत दाबाने हवा सोडतात, पाणी बाहेर जातं आणि दार बिजागरीवर आपोआप वर उठतं. आपण वरून साखळीने गेट ओढतो, हे खालून हवेने उठवतात. ३ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा खऱ्या भरतीत उचललं आणि चौक कोरडा राहिला. त्याच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरात १८७ सेंटिमीटर चढलं होतं, १९६६ ला १९४. मोठा पूर बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत येतो, मे मध्ये काळजी नको.

काम सुरू झालं २००३ ला, खर्च गेला पाच अब्ज युरोच्या वर, आणि मधे २०१४ ला लाच प्रकरणात बड्या बड्या लोकांना अटक झाली आणि ते पाचशे वर्षांचं जुनं पाण्याचं खातंच बरखास्त केलं. अण्णांना हे सांगा, हसतील. मी हसलो होतो.

वाळूच्या थराचं मला ठाऊक नाही. आकृतीचा फोटो पाठवा त्यांच्या.

साक्रीवाला_दाजी

नाना तुमीन पुस्तक लिखा आते!

गिरणाकाठचा_पोरगा

फोटो उद्या पाठवतो नाना. अण्णा आत्ता बाजूलाच बसलेत, विचारतायत की त्या बारीक गल्ल्यांचा गाळ काढतात तो कसा, पाणी बंद कसं करतात, आणि काढून टाकतात कुठे. शेवटचं मुद्दाम विचारायला सांगितलंय, कारण आमच्याकडे काढलेला गाळ काठावरच टाकायचे आणि पावसात परत आत.

अमळनेरचे_नाना

गल्लीच्या दोन्ही टोकांना पत्रे ठोकून बांध घालतात, आतलं पाणी पंपाने उपसतात, गल्ली कोरडी करून गाळ काढतात आणि त्याच वेळी घरांच्या पायाची वीट दुरुस्त करून घेतात. मी एक अशी उघडी गल्ली पाहिली, लोक नाक धरून जात होते, मी अर्धा तास उभा. त्यातला बरा गाळ खाजणातली खचलेली गवताळ बेटं परत उभी करायला वापरतात, खराब असेल तो वेगळा नेऊन साठवतात. काठावर नाही टाकत.

गिरणाकाठचा_पोरगा

वाचून दाखवलं. म्हणाले, "बिल कुणाच्या नावावर निघतं ते पण विचार."